रवीकाकांची नवी रॅम

१

नॉटिंगहॅममधल्या मराठी मंडळींचा कॉम्प्युटर बिघडला की ते यशोधनला फोन करतात. यशोधन माझा नवरा, व्यवसायाने अकाउंटंट, आणि प्रिंटरमधला कागद संपला तरी "मंजिरीऽऽ" म्हणून बोंब मारणारा. युनिव्हर्सिटीच्या आयटी सपोर्टमध्ये दिवसभर लोकांची बंद पडलेली यंत्रं उघडून बसते ती मी. पण फोन त्याला! मग साहेब ऐटीत "बघतो हं, शनिवारी येऊन जातो" म्हणतात आणि शनिवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी जाते. वर चहाचा कप हातात देताना विचारतात, "यशोधन नाही का आला?"

याला अपवाद एकच होता, बीस्टन उपनगरातले रवीकाका. निवृत्त भूलतज्ज्ञ. साठी उलटल्यावर स्वतः सुटे भाग आणून त्यांनी कॉम्प्युटर जोडला होता आणि काही अडलं की ते थेट माझ्याकडे यायचे. दारातूनच "मंजिरी, तुझी अक्कल उसनी हवी" म्हणायचे. निघताना "येतो गं" म्हणायचे आणि टेबलाखाली तोंड खुपसलेलं असलं तरी मी आतून ओरडायचे, "या काका!" फार गोड माणूस होता. फेब्रुवारीत गेले. तेव्हा मी पुण्यात होते, शेवटचं दर्शनही झालं नाही. ते मला फार लागलं.

एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाचा, कबीरचा, ग्लासगोहून फोन आला. कबीर इथेच जन्मलेला, त्याचं मराठी घरापुरतं.

"मंजिरीताई, बाबाची कॉम्प्युटर सुरू नाही होत. आईला मायरा बघायची आहे वेबकॅमवर. तू प्लीज एकदा बघशील?"

मायरा म्हणजे त्याची मुलगी, काका गेल्यानंतर महिन्याभरात झालेली. मधुमतीकाकूंचे गुडघे असे की ग्लासगोचा प्रवास अशक्य. कबीरच्या बायकोचं, तनूचं, सिझेरियन झालेलं, तीही इतक्यात येऊ शकत नव्हती. काकूंनी नातीचा नुसता फोनवरचा रडका आवाज ऐकला होता. मी म्हटलं, शनिवारी जातेच.

२

काकूंच्या घराची रचना सांगते, कारण पुढचं सगळं त्या रचनेतच घडलं. पुढच्या दारातून आत आलं की अरुंद लांब हॉल. हॉलच्या शेवटी डावीकडे स्वयंपाकघर आणि समोर काकांची छोटी खोली. खोलीत टेबल पलीकडच्या भिंतीला लावलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसलं की पाठ दाराकडे. जुना, जाडजूड काचेचा मॉनिटर. तो काळा असला की मागचं उघडं दार, पूर्ण हॉल आणि टोकाचा पुढचा दरवाजा त्यात दिसायचा.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पण सुरू होताना येणारी ती एक 'बीप' आली नाही. पडदा काळाच. असं झालं की माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत दोन रॅम होत्या, एक जुनी, धूळ खाल्लेली आणि एक कोरी करकरीत.

तेवढ्यात मागे हॉलमध्ये किल्ल्या वाजल्या.

"काकू, बाहेर निघालात का?" मी न वळताच विचारलं.

"नाही गं, पोळ्या करतेय," काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

मी वळून पाहिलं. हॉलमध्ये कोणी नव्हतं. शेजाऱ्यांचं घर भिंतीला भिंत लावून, त्यांच्या किल्ल्या असतील. काकांच्या किल्ल्या तर माझ्यासमोरच मॉनिटरजवळ एका बशीत पडल्या होत्या.

नवी रॅम काढली आणि बटण दाबलं. बीप! विंडोज छान उघडलं. नवी एकटी घातली, तर पुन्हा काळोख. दुसऱ्या खाचेत घातली, तेच. तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरने घासून पाहिले, मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून परत बसवली, काही फरक नाही. शेवटी मी ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि काकूंना हाक मारली.

"काकू, ही नवी रॅम या मशीनला चालत नाही. होतं असं कधीकधी, पत्रिका जुळत नाही. जुनीवर व्यवस्थित चालेल. आता बघा नात!"

मला वाटलं, काकू खूष होतील. काकू दारात पिठाच्या हातांनी उभ्या, नजर उघड्या ड्रॉवरवर.

"ती काढलीस?" त्या म्हणाल्या. "ती ह्यांनी घातली होती गं. शेवटची."

मी म्हटलं, "अहो, टाकली नाहीये, इथेच आहे." त्यांनी मान हलवली. मग आग्रहाने पोळी-भाजी खायला घातली, डब्यात यशोधनसाठी दिली. मी बूट घालून "येते काकू" म्हटलं, त्या म्हणाल्या, "ये गं, सावकाश चालव." असं व्यवस्थित निघाले मी त्या दिवशी.

३

पुढच्या आठवड्यात पुन्हा कबीर. "ताई, परत बंद झाली."

मी गेले, डबा उघडला आणि बघतच राहिले. नवी रॅम पुन्हा खाचेत! नीट, दोन्ही बाजूंचे चिमटे लावून बसवलेली. डब्याच्या स्क्रूंवर ओरखडे होते आणि टेबलावर बटर लावायची बोथट सुरी पडली होती.

"काकू, हे कोणी केलं?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. नजरेला नजर दिली नाही.

आता खरं तर मी समजून घ्यायला हवं होतं. पण मी चिडले. काकूंवर नाही, त्या रॅमवर. माझ्या हातात आलेलं यंत्र कारण न सांगता हटून बसलं की मला रात्री झोप लागत नाही. काकूंना ती रॅम आतच हवी असेल तर मी ती चालवून दाखवीन, असा चंग बांधला. डबा उचलला आणि घरी आणला.

घरी नवी रॅम घालून बटण दाबलं आणि बीप आली.

मी बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा बीप. दोन्ही रॅम एकत्र, नवी एकटी, ही खाच, ती खाच, सगळं सुरळीत. तपासणीचा प्रोग्रॅम दिवसभर चालवला, एकही चूक नाही.

"म्हणजे बरी झाली?" यशोधनने टेबलाखाली वाकून विचारलं. तो क्रिकेटला निघाला होता.

"आजारीच नव्हती. हेच तर डोकं फिरवतंय. इथे चालते, तिथे चालत नाही."

"माझ्यासारखीच. माझंही ऑफिसात चालतं, घरी नाही," तो म्हणाला. "चल, येतो गं."

"ये!" मी टेबलाखालूनच ओरडले. तो गेल्यावर मी विचार करत बसले. तिथल्या विजेचा प्रश्न असेल. जुनं घर, जुनी वायरिंग. एक्स्टेंशन बोर्ड बदलून बघू. कारण असतंच. मी इतकी वर्षं हेच करतेय, आणि अजून एकही यंत्र मला कारणाशिवाय बिघडलेलं भेटलेलं नाही.

४

डबा परत नेला तेव्हा दुपारचं छान ऊन पडलं होतं. दाराच्या धुरकट काचेतून हॉलभर उजेड आला होता. मी नवा एक्स्टेंशन बोर्ड लावला, डबा जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि बीप नाही.

मी खुर्चीत मागे टेकले आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसले. मागून पायांवर गार वारा आला, पुढचं दार कोणी किंचित उघडावं तसा. मग किल्ल्या वाजल्या.

या वेळी मी वळले नाही. वळायची गरज नव्हती, हॉल माझ्यासमोर काचेत दिसत होता. हॉलच्या टोकाला, दाराच्या पायपुसण्यावर, कोणीतरी उभं होतं. लांब तपकिरी कोट, गळ्यात मफलर. पाठ माझ्याकडे, तोंड दाराकडे. एक हात कडीवर. खांदे उतरलेले. ताटकळलेला माणूस रांगेत करतो तसा त्याने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.

मी झटकन वळले. हॉल रिकामा. पायपुसण्यावर ऊन. पुन्हा काचेकडे पाहिलं आणि तो कोट तिथेच.

मी स्वतःला सांगितलं, खुंटीवर कोट टांगलेला असेल. पण खुंट्या दाराच्या डावीकडे होत्या आणि त्यांवर काकूंची छत्री सोडून काही नव्हतं. दाराच्या काचेतली सावली म्हणावी, तर सावलीला मफलर नसतो. मी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. हिरवा दिवा विझला, वारा थांबला. काचेत आता फक्त हॉल, आणि काकू. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"दिसले?" त्यांनी विचारलं.

काकू माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा चेहरा होता.

"त्या रविवारी ह्यांनी ही रॅम आणली," त्या म्हणाल्या. "बाळ यायच्या आत वेबकॅम चालू करायचा, हा एकच ध्यास. दिवसभर ह्या खोलीत. सुरूच होईना ना मेला! मी गरम पिठलं-भाकरी करून हाका मारतेय, आणि हे नुसते 'आलोच'. गार झालं सगळं. मग मी बोलले. खूप बोलले, मंजिरी. नाही नाही ते बोलले. आयुष्यभर दवाखान्याशी लग्न केलंत, आता ह्या डबड्याशी करा म्हणाले."

"काकू, घराघरात होतं हे."

"हो गं, होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिंकपाशी पाठमोरी. हे दूध आणायला निघाले. दारातून म्हणाले, 'येतो.' मी उत्तर नाही दिलं. ऐकू गेलं होतं मला, चांगलं ऐकू गेलं होतं! नळ सोडून तशीच उभी राहिले. लग्न झाल्यापासून माझं 'या' ऐकल्याशिवाय हे कधी घराबाहेर पडलेले नाहीत. थांबले. किल्ल्या वाजवल्या, म्हणजे मला कळावं की थांबलेत. मी म्हटलं, थांबू देत. बसू दे जरा चटका." काकूंनी पदर तोंडाला लावला. "मग दार लागलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पडले, ते उठलेच नाहीत."

बाहेरून एक बस गेली, खिडकीची तावदानं थरथरली.

"एकदा वाटलं, बघावं सुरू होतंय का," काकू पुढे म्हणाल्या. "बटण दाबलं, काही लागलं नाही, पण दारात हे आले. किल्ल्या वाजल्या, 'येतो' म्हणाले. तसंच, त्याच आवाजात. आणि उभे राहिले. मी बंद करेपर्यंत उभेच. तेव्हापासून रोज जेवण झालं की लावते. तू ती रॅम काढलीस आणि कोणी आलं नाही. म्हणून परत घातली, सुरीने."

"आणि तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"काहीच नाही."

"काकू! अहो, 'या' म्हणून टाका ना! त्यासाठीच तर उभे आहेत ते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हटलं की जातील गं. मग?"

मला त्या कोटाचे उतरलेले खांदे आठवले, भार बदलणारे पाय आठवले आणि राग आला. काकांचा पक्ष घेऊन मी म्हणाले, "त्यांचे पाय दुखत असतील, काकू." फार कठोर बोलले, पण खरं बोलले. काकू रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझा हात माझाच मला गार लागत होता.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. तू शेजारी असलीस की म्हणेन. एकटीला धीर होत नाही."

घरी यशोधनला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि तो हसला असता तर मलाही ते सगळं खोटं वाटलं असतं. मला ते खोटं वाटायला नको होतं. काकांना निरोप द्यायचा राहिला होता तो माझाही.

५

त्या शनिवारी पाऊस होता. मे महिन्यात जाड कोट घालून फिरायचं, हे याच देशात. मी माझा निळा कोट हॉलमध्ये काढून ठेवला. काकूंनी जांभळी सिल्कची साडी नेसली होती, केसांत मोगऱ्याऐवजी बागेतलं कुठलंसं पांढरं फूल. घरात शिऱ्याचा वास होता.

"ह्यांना आवडायचा," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी नको जायला."

आम्ही दोघी काकांच्या खोलीत जाऊन बसलो. काकू खुर्चीत, मी स्टुलावर, दोघींची पाठ दाराकडे. टेबलावर शिऱ्याची वाटी. काकूंनी स्वतः बटण दाबलं.

पंखा. हिरवा दिवा. काळी काच.

वारा आला. वाटीतल्या शिऱ्यावरची वाफ एका बाजूला झुकली. मग काचेत तो कोट उभा राहिला, मघापासून तिथेच असल्यासारखा. या वेळी मला नीट दिसलं. कॉलर एका बाजूने दुमडलेली होती. काका नेहमी तशीच ठेवायचे, काकू ती सरळ करायच्या.

किल्ल्या वाजल्या.

काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचे ओठ हलत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत घेतलेला आणि सोडायला तयार नसलेला. मी मनात म्हणत होते, म्हणा काकू, म्हणा.

"येतो गं," मागून आवाज आला.

अगदी तोच आवाज. किंचित घोगरा, शेवटचं 'गं' लांबवलेलं. माझ्या दारातून किती वेळा आलेला! मला विचार करायला वेळच मिळाला नाही. विचार करायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलंय, जाणाऱ्याला उत्तर द्यायचं. तोंडात घास असो, हात पिठात असो, माणूस निघाला की आतून ओ द्यायची. ते डोक्यातून येत नाही, जिभेवरच असतं.

"या काका!" मी म्हणाले.

मोठ्याने. नेहमीसारखं, आनंदाने.

कडी फिरली. दार उघडल्याचा आवाज झाला, पावसाचा आवाज एकदम जवळ आला. दार लागलं, आणि पाऊस पुन्हा लांब गेला. समोर कॉम्प्युटरने बीप केली. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं सरसर चढली, दोन्ही रॅम धरून पुरी मेमरी मोजून झाली आणि विंडोजचं हिरवं कुरण उघडलं. त्या कुरणात हॉल दिसत नव्हता.

काकूंचा हात अजून माझ्या मनगटावर होता. त्यांनी बोटं एकेक करून सोडवली.

"मी म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "आलं होतं गं माझ्या ओठावर. आत्ता म्हणणारच होते."

"काकू, मी... अहो, सवयीने गेलं तोंडातून! देवाशप्पथ..."

त्या उठल्या. शिऱ्याची वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीभ हासडून टाकावीशी वाटली. आणि तिथे बसून मी काय करावं? वेबकॅम लावला! माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. मॉनिटरच्या डोक्यावर कॅमेरा बसवला, कबीरला फोन करून चाचणी घेतली, मायराचं टकलू डोकं पडद्यावर आलं. मी "काकू, या ना, बघा किती गोड" म्हणून हाका मारल्या. काकू आल्या, बसल्या, नातीकडे बघून हसल्या, "माझी बाय ती" म्हणाल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

निघायची वेळ झाली. काकू सिंकपाशी वाटी घासत होत्या. मी हॉलमध्ये जाऊन कोट घातला, बूट घातले, गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या आणि पुढच्या दाराशी आले.

"येते काकू," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. मी पायपुसण्यावर उभी राहिले. ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं, "काकू, येते हं." स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, जांभळी साडी, पांढरं फूल. वाटी केव्हाच घासून झाली होती. मी किल्ल्या वाजवल्या. वाजवल्यावर माझं मलाच कळलं मी काय केलं ते.

काकू वळल्या नाहीत. मी बराच वेळ थांबले. मग कडी फिरवली आणि पावसात बाहेर पडले.

६

त्यानंतर माझे पाय दुखायला लागले. काही केलं नाही तरी. दुपारी जेवणानंतर सुरू व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दगड होऊन जायच्या, दिवसभर उभं राहिल्यासारख्या. माझं तर काम बसून! यशोधन म्हणाला, बूट बदल. बदलले. गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसले. काकूंना रोज फोन करावासा वाटायचा, पण काय तोंडाने करणार? माफी मागायची तर कशाची, हेच शब्दांत बसत नव्हतं.

मग एका दुपारी ऑफिसात कबीरचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, थँक यू सो मच! कॉम्प्युटर एकदम छान चालते. आई रोज लंचनंतर मायराशी बोलते. तनू म्हणते, आई किती बेटर दिसतात आता."

"अरे वा," मी म्हटलं. खरंच बरं वाटलं. "हसतात का रे त्या?"

"खूप. आणि ताई, तू रोज जातेस आईकडे, ते पण थँक्स. इट्स सो काइंड. पण तू कधी हाय नाही करत आम्हाला! कमऑन!"

"मी?"

"आईच्या मागे दिसते ना. हॉलमध्ये. दारापाशी, तो निळा कोट घालून. पाठ करून उभी असतेस. मायरा पण तिकडेच बघते. आत्ता पण होतीस, दहा मिनिटं झाली." मग त्याने विचारलं, "तू आत्ता आईकडेच आहेस ना?"

माझा निळा कोट माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकत होता. समोर कोणाचा तरी उघडा कॉम्प्युटर पडला होता. माझ्या पोटऱ्या ठणकत होत्या.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते त्या पोराला?

त्याचा फोन ठेवला आणि काकूंना लावला. बराच वेळ वाजला. मग त्यांनी उचलला.

"काकू, मी मंजिरी."

"बोल," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, मायेचासुद्धा. मागे नळ नव्हता, कोणी नव्हतं. फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"काकू, माझं चुकलं. तुमचा शब्द होता तो, तुमचा एकटीचा. मी मधे बोलले. पण मुद्दाम नाही हो, काकू. मीही त्यांची फार..." मला रडू फुटलं. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "काकू, त्या दिवशी मी दारातून 'येते' म्हणाले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. आत्ता एकदा 'ये' म्हणा. एकदाच. पाय फार दुखतात हो माझे."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला, अगदी हळू, फोनपासून लांब कुठेतरी. माझ्या गाडीच्या किल्ल्यांना पितळी घुंगरू आहे. ते मी ओळखलं.

काकूंनीही ऐकलं असणार. त्या सुस्कारा सोडून म्हणाल्या, "राहू दे ना गं. घर फार खायला उठतं. तेवढीच सोबत होते मला."